मदतनीसाला अडवू नकोस

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय आणि तोच चोऱ्या करतोय, हे ताईनं मनाशी पक्कं केलं होतं. दुसरं कोण करणार? ती घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर बसून लहान मुलांच्या कपड्यांवरच्या भरतकामाची डिझाइनं करायची आणि कारखान्याला पाठवायची. पण अलीकडे तिनं पाठवायच्या आतच तेच डिझाइन दुसऱ्याच कुणाच्या फ्रॉकवर बाजारात झळकायला लागलं. एक कान दुमडलेला तिचा ससा, तो दुमडलेल्या कानासकट गेला! कारखान्याच्या मालकिणीनं शेवटी तोंडावरच सांगितलं, "ताई, तुम्ही एकच माल दोघांना विकताय. आणखी एकदा असं झालं, की आपलं काम बंद."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या जन्मात कुणाची टाचणी उचलली नाही तिनं, आणि हे ऐकून घ्यायचं?

कॉम्प्युटर बसवून दिला होता धाकट्या भावानं. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. लोडाला टेकून हुकूम सोडायचा, म्हणून ती त्याला लाडानं 'छोटेसरकार' म्हणायची. हे नाव चारचौघांत घ्यायचं नाही, अशी त्याची सक्त ताकीद होती आणि ताईनं ती आजवर पाळली होती. कॉम्प्युटर सुरू करून देताना त्यानं बजावलं होतं, "दुसरा अँटीव्हायरस आणू नकोस हं. एका कॉम्प्युटरवर दोघांचं पटत नाही, एकमेकांनाच चोर समजून भांडत बसतात. आणि 'मदतनीस' नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याला कधी अडवू नकोस. काही बिघडलं तर तो कंपनीला कळवतो."

ताई कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदारानं हे सगळं ऐकून मान डोलावली. "दोन अँटीव्हायरस नकोतच, भाऊ बरोबर बोलले. जुना आधी काढा, मग हा नवा टाका. सोबत ही फायरवॉल घ्या. अँटीव्हायरस आत शिरलेल्याला पकडतो. फायरवॉल दारात बसून विचारते, कोण आलं, कोण चाललं, कुणाकडे चाललं."

"म्हणजे सासूच की!" ताई म्हणाली.

"सासूच. पण या दोघांचं एकमेकांशी जुळतं, म्हणून तर जोडीनं देतोय."

घरी येऊन ताईनं सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. नव्या अँटीव्हायरसनं कानाकोपरा तपासला आणि निर्वाळा दिला: काहीही सापडलं नाही. ताई खट्टू झाली. आता मालकिणीला काय सांगायचं, कपाळ? तिनं मुकाट्यानं छत्री धरलेलं बदक पुरं केलं, फाइल सेव्ह केली, आणि तेवढ्यात पडद्यावर फायरवॉलची चौकट आली. 'मदतनीस' बाहेर जाऊ पाहतोय. कुणाकडे: 'छोटेसरकार'. परवानगी द्यायची की अडवायचं?

नाव वाचून ताई आधी चक्क हसली. अगं बाई, हे लबाड इथे कुठे आलं? आणि मग तिनं चौकट पुन्हा एकदा वाचली.

तिनं भावाला फोन लावला. "अरे, हा मदतनीस परवानगी मागतोय."

"मग दे ना. तुला नवीन काही टाकायला सांगितलं कुणी? कंपनीकडे जातं ते."

"कंपनीचं नाव छोटेसरकार आहे होय रे?"

तो म्हणाला, "ताई, चिडू नकोस. अडचणीत होतो गं, म्हणून डिझाइनं विकली. आणि कळलं असतं तर तू दिलीच असतीस की. तू मला कधी नाही म्हटलंयस?"

हेच खरं होतं आणि हेच तिच्या काळजात घुसलं. "मागून बघायचंस रे मेल्या!" ती ओरडली. "मागून तरी बघायचंस! मी इथे चोर ठरत होते आणि तू मला बदकं-ससे कसे चाललेत ते विचारत होतास!"

"एवढ्या वेळी जाऊ दे ना, ताई."

एवढ्या वेळी. लहानपणापासून हेच. चौकटीतही नेमकं तेच विचारलं होतं: फक्त या वेळी अडवायचं, की कायमचं? ताईनं डोळे पुसले, कारण अक्षरं दिसेनात, आणि 'कायमचं'वर बोट दाबलं. फोनवर तो अजून "ताई, ताई" करत होता. तिनं फोन ठेवून दिला.

मग तिनं बदक मालकिणीला पाठवलं आणि स्वतःच तिला फोन केला. "आता कुठे काही जाणार नाही. चोर सापडला."

"कोण होता?" मालकिणीनं विचारलं.

ताईच्या ओठांवर नाव आलं. ते तिनं गिळलं.

"व्हायरस होता," ती म्हणाली. "बाहेरचा."