येते म्हणावं

पंकजा सुबाभळीचा पाला कवटाळून फाटकाशीच बसली. शाळेची बाकीची पोरं गाडीतून उतरली तशी हुंदडत खुराड्याकडं गेली. तिनं मात्र रस्त्याकडं तोंड केलं होतं.

"आजबी?" गोजरबाईनं विचारलं.

"मागच्या गुरुवारसारखंच," रुपाली मॅडम म्हणाल्या. "गाडीत एकच धोशा. भुऱ्या आला असेल, भुऱ्या आला असेल."

गोजरबाई पोरांना खुराड्याचं दार उघडून द्यायला वळली. बोलणार काय, कपाळ!

काष्टीजवळच्या तिच्या मळ्यावर विशेष मुलांच्या शाळेची गाडी दर गुरुवारी यायची. शेळ्यांना पाला घालायचा, अंडी गोळा करायची, वाफ्यांना पाणी द्यायचं. वर्गात डोक्यात न शिरणारं इथं पोरांच्या हाताला उमगायचं. पंकजा शाळेत आल्यापासून ओठ मिटून होती. इथं भुऱ्या नावाच्या करडानं तिच्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं आणि ती एकदम ओरडली, "सोड की!" मॅडमना रडूच फुटलं. पुढं ती त्याच्याशी बोलायला लागली, मग गोजरबाईशी. एकदा निघताना "जाते" म्हणाली, तेव्हा गोजरबाईनं तिची हनुवटी धरून सांगितलं, "जाते म्हनू न्हाई, बाई. येते म्हनावं. येते म्हनलं की मानूस परत येतं."

पंकजा दिलेला शब्द जसाच्या तसा घ्यायची. तेव्हापासून दर वेळी "येते" म्हणायची आणि पुढच्या गुरुवारी यायची.

मग भुऱ्याचा बोकड झाला. बोकड बाजारचाच. गोजरबाईच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, त्याला काष्टीच्या बाजारात नेऊन विकला. पोरीला आधी काही सांगावं, असं दोघांच्याही मनात आलं नाही. त्या गुरुवारी ती रिकामं दावं हातात धरून उभी राहिली. "भुऱ्या?"

"गावाला गेलाय," गोजरबाई चटकन बोलून गेली. "येतो म्हनून गेलाय."

येतो म्हणून गेलाय! कुणी सांगितलं होतं एवढं शहाणपण करायला? वाईट वाटू नये म्हणून बोललेला शब्द, आणि पोर फाटकाशी त्याचीच राखण करत बसली होती. पाला कोमेजायला लागला होता. गोजरबाईला ते बघवेना. पदरानं तोंड पुसून ती तिच्याशेजारी मातीत बसली.

"पंकजा, भुऱ्या न्हाई यायचा गं. त्याला बाजारात इकला."

"येतो म्हणाला."

"त्यो न्हाई म्हनला, बाई. मी म्हनले. मी खोटं बोलले."

पंकजानं तिच्याकडं बघितलं. मग हातातल्या पाल्याकडं. रडली नाही, की आदळआपट केली नाही. उठून सरळ गोठ्यात गेली. पाल्याच्या जुड्या शिकवल्यासारख्याच उंच बांधल्या, सगळ्या शेळ्यांना घातल्या. रिकामं दावं खुंटीला नीट अडकवलं. बादल्याही उपड्या ठेवल्या. गोजरबाईला बरं वाटलं. समजलं लेकराला, उगीच इतके दिवस जिवाला घोर लावून घेतला.

निघायच्या वेळी ती नेहमीसारखी गाडीजवळ गेली. पोरं एकेक करून चढली. पंकजा शेवटी राहिली.

"मग?" गोजरबाई हसून म्हणाली. "काय म्हनायचं?"

"जाते," पंकजा म्हणाली.

मॅडमना वाटलं, विसरली. "अगं, काय शिकवलं होतं मावशींनी? येते म्हण."

पंकजानं गोजरबाईकडं बघत नाही अशी मान हलवली. "जाते," ती पुन्हा म्हणाली, स्पष्ट, आणि गाडीत चढली.

पोरीच्या हनुवटीकडं नेलेला हात गोजरबाईनं तसाच मागं घेतला. गाडी वळून डांबरी रस्त्याला लागली. श्रीमंत फाटक लावायला आला, तर मघाशी पोर बसली होती तिथंच गोजरबाई बसली होती.

"ऊठ की. गेली गाडी."

"असू दे," ती म्हणाली. "उघडंच ऱ्हाऊ दे."