झुमक्यांची साक्ष

सायरागुलचं पुढचं सगळं आयुष्य आखून द्यायला मालकाच्या वकिलाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिला स्वतःला मात्र एकोणीस वर्षांत ते जमलं नव्हतं!

बिश्केकच्या शिवणकारखान्यात कापड कापायच्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. काम भराभर उरकावं म्हणून मालकानेच यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवली होती, हे मागच्या तारखेला सिद्ध झालं होतं. आता प्रश्न एकच होता : यापुढे तिला किती वर्षं स्वतः कमवावं लागणार होतं? जितकी वर्षं, तितकी भरपाई.

"दोन वर्षं," वकील मेदेरबेक म्हणाला. "फार तर तीन."

"का? मी मरणार आहे का?" सायरागुलने विचारलं.

"छे छे, लग्न करणार आहेस! न्यायाधीशबाई, मुलीचे कान बघा. होणाऱ्या सासूने घातलेले चांदीचे झुमके! म्हणजे सोयरीक झालीय. एकदा पाळणा हलला की शिवणयंत्र कोण चालवतंय?"

आईने कपाळाला हात लावला. "काढले तर अपशकुन होतो, म्हणून मीच काढू दिले नाहीत गं!"

सायरागुलची कानशिलं तापली. बोटं तिची, पगार तिचा, आणि हिशेब मात्र होणाऱ्या नवऱ्याच्या स्वयंपाकघरातून! "तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही वकिली सोडली होती का हो?" न्यायाधीशबाईंनी टेबलावर पेन आपटलं खरं, पण हसू ओठांत दाबून.

एवढ्यात मागच्या बाकावरून तिची होणारी सासू, बुरुलचा, उठली.

"ओ वकीलसाहेब, कसलं लग्न न् कुणाची सून? मी ते झुमके परत न्यायला आलेय! असल्या हाताने ही पाहुण्यांना चहा कसा ओतणार? कणीक कशी लाटणार? चारचौघांत नाक कापलं जाईल आमचं."

सायरागुलचा हात कानातल्या झुमक्यांकडे गेला. पण मेदेरबेकचा पांढराफटक चेहरा दिसला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला : लग्नच नाही, तर दोन वर्षांचा हिशेबही नाही!

"बुरुलचा अपा," थोरल्या बाईला द्यावा तसा मान देत ती म्हणाली, "जरा मोठ्याने बोला ना. लिहून घेणाऱ्या ताईंना ऐकू जायला हवं."

बुरुलचाला बोल म्हणायचा अवकाश! तिने सगळं तिखटमीठ लावून पुन्हा सांगितलं. "आणि आम्हीच काय, कुणीच सून करून घेणार नाही हिला!"

"असं कसं?" मेदेरबेक घामाघूम झाला. "मुलगी किती देखणी आहे! रांग लागेल स्थळांची!"

"तुमच्या घरात आहे का कुणी लग्नाचा?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"भाऊ आहे... पण तो अजून शिकतोय."

दुपारी निकाल आला. मुलीच्या लग्नाची शक्यता उरलेली नाही, सबब तिला निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःच कमवावं लागणार असं धरून तेवढ्या सगळ्या वर्षांची भरपाई द्यावी. म्हणजे बोटं गेली म्हणून नव्हे, तर स्थळ गेलं म्हणून कोर्टाने तिला अख्खं आयुष्य बहाल केलं. सायरागुलला हसावं की ओरडावं तेच कळेना.

रक्कम ऐकून बुरुलचा बाहेर व्हरांड्यात लगबगीने तिच्यामागे आली. आवाजात मध ओतलेला.

"असू देत गं बाळ कानात. चहा काय, डाव्या हातानेही ओतता येतो."

सायरागुलने उरलेल्या तीन बोटांनी एकेक झुमका सावकाश काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"मोजून घ्या, अपा. दोनच आहेत. माझी गेली तेवढेच."