पोटातली गुलाबी रेघ

शेजारच्या देवकाबाईंच्या मोरीतून सकाळी गुलाबी पाणी वाहत आले. मला वाटले, साडीचा रंग गेला असेल. दुपारी बघतो तर दोरीवर साडी नव्हतीच. अंगणात चादरीवर गहू वाळत होता.

मी वाचनालयात कारकून होतो. वाचून वाचून शंका घेण्याची खोड लागली. त्यातल्या निम्म्या खोट्या निघतात, म्हणून सहसा गप्प बसतो. पण गव्हाची पेरणी नुकतीच आटोपली होती, आणि आमच्या समुद्रपुरात पेरून उरलेले बी कोणी टाकत नाही, घरी दळतात. घरचेच बी पेरायचे, तेव्हाची ही रीत. आता बी पिशवीतून येते, बुरशीचे गुलाबी औषध लावून.

त्यात त्यांची लेक हर्षा पहिल्या बाळंतपणाला आलेली.

चारच्या सुमारास देवकाबाई डबा घेऊन चक्कीवर निघाल्या. मीही ज्वारीचा डबा उचलला. वाटभर एक वाक्य घोळवले आणि चक्कीवर पोचताच विसरलो.

"बाई, गहू कुठचा?"

"घरचाच जी. काऊन?"

"धुतला काय?"

"तीन पान्यानं. हर्षाच्या लाडवाले पायजे न."

घरच्या गव्हाला तीन पाणी?

चक्कीवाल्या चंद्रभानने डबा उचलला. मी मध्ये हात घातला.

"अण्णाजी, नंबर बाईचा हाय. लयच भूक लागली काय?"

लोक हसले. माझे कान तापले. तरी मूठभर गहू घेतला. दाणे स्वच्छ, पिवळे. चुकलोच, असे वाटले. मग एक दाणा उलटा केला. पोटाच्या चिरेत गुलाबी रेघ. दुसऱ्यातही तीच.

"हे पेरायचं बी आहे. औषध लावलेलं. धुतल्याने रंग जातो, औषध सगळं जात नाही."

"तुमच्या पुस्तकात लिहून असन," देवकाबाई म्हणाल्या. "आमी जन्मभर उरलेलं बी खाल्लं. मेलो काय?"

"तेव्हा औषध नव्हतं, बाई."

चंद्रभानने डबा खाली ठेवला. "थांब माय. माह्या दगडाले लागलं त समद्याईच्या पिठात जाईन." त्याने देवकाबाईंच्या नवऱ्याला, बंडूजींना फोन केला. ते बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन आले आणि ती माझ्याच हातात दिली. मी वाचले, "खाण्यासाठी वा जनावरांच्या खाद्यासाठी वापरू नये. विषारी."

देवकाबाई आपले तळहात बघत राहिल्या. "तरीच सकाळपासून खाजून राह्यले," त्या पुटपुटल्या. मग एकदम नवऱ्याकडे वळल्या. "अवो, अर्धा गहू अजून चादरीवर हाय. अन् पोरीले कच्चे गहू चघळाची सवय लागली. लावा न फोन!"

बंडूजींनी फोन लावला. पलीकडून हर्षाचा आवाज आला, "खाल्ले न बाबा, मूठभर. काऊन?"

"दवाखान्यात न्या," मी म्हणालो. "आणि पिशवी सोबत घ्या. डॉक्टरांना औषधाचं नाव लागेल."

पिशवी मी अजून घट्ट धरून ठेवली होती. देवकाबाईंनी ती माझ्या हातातून ओढून घेतली आणि धावत सुटल्या.