बारकीच्या हातावरचे डाग

बारकीच्या बापाचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. दिवसभर चोऱ्यांच्या कहाण्या ऐकून त्याचा स्वभावच तसा झाला होता; घरी पाहुणा आला तरी त्याची नजर आधी पाहुण्याच्या पिशवीकडे जायची. त्यामुळे मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला निळे-जांभळे डाग दिसले, तेव्हा त्याच्या मनात चांगलं काही आलंच नाही.

ती भांडी विसळत होती, बाह्या वर सरकवून.

"हे काय गं?"

"कुठं काय." ओल्या हातानंच तिनं बाही खाली ओढली. "ट्रॉलीवर आपटलं."

ट्रॉली कोपराच्या आतून कशी लागते, हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना.

बारकी नर्स झाली होती की अजून व्हायची होती, हा त्या घरातला जुना वाद. चार वर्षं कॉलेज झालं, नर्स म्हणून नोंदणी झाली, तेव्हा बापाला वाटलं, सुटलो. पण तिला इमर्जन्सीतच जायचं होतं, आणि तिथं थेट कुणी उभं करत नव्हतं. आधी साध्या वॉर्डात वर्ष-दीड वर्ष घासायचं, मग इमर्जन्सीचं वेगळं प्रशिक्षण, तेही सिनियर नर्सच्या हाताखाली. "ही शिकते आहे की नुसती वेळ काढते आहे?" असं अक्का अधूनमधून विचारायची. अक्का म्हणजे बापाची थोरली बहीण. बारकीची आई गेल्यापासून घर तिनंच सांभाळलं होतं.

बापानं डागांची गोष्ट तिच्या कानावर घातली. अक्का उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती, ती थांबली.

"दवाखान्यात औषधांना काय तोटा? झोपेची, दुखण्यावरची. काही पोरं टोचून घेतात म्हणे स्वतःला."

"आपली बारकी?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

नाव घेतलं नव्हतं, पण बापाची झोप उडाली. उकाड्यातही बारकी लांब बाह्या घालते, जेवताना हल्ली पानात टाकते, फोन आला की गॅलरीत जाते, हे सगळं त्याला आत्ताच दिसायला लागलं. एका सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्यानं तिची पिशवी उघडली. तळाशी, शीर फुगवायला दंडाला बांधतात तो रबरी पट्टा निघाला. त्यानं तो घाईघाईनं परत आत खुपसला.

दुपारी त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि थेट इमर्जन्सीच्या दारात जाऊन उभा राहिला. टेबलाशी बसलेल्या नर्सनं बारकीचं नाव ऐकून मान हलवली.

"ती आता इथं नसते, काका. तिला परत वॉर्डात पाठवलंय. झाले बरेच दिवस."

आणि कालच जेवताना बारकीनं इमर्जन्सीत आलेल्या एका रंगाऱ्याची गोष्ट रंगवून सांगितली होती. शिडीवरून कसा पडला, काय म्हणाला, सगळं. म्हणजे तेही खोटं.

तो वॉर्डाबाहेर थांबून राहिला. पाळी सुटली तशी बारकी दोन मुलींबरोबर बाहेर पडली आणि मागच्या इमारतीत शिरली. बाप अंतर ठेवून मागोमाग. दाराच्या काचेतून त्याला दिसलं: बारकी खुर्चीत बसली, पट्टा दंडाला आवळला, हात पुढे केला. दुसरी मुलगी सुई घेऊन वाकली. बापानं दार ढकललं.

"काय टोचताय माझ्या मुलीला?"

सगळ्या दचकल्या. कोपऱ्यातल्या पिकल्या केसांच्या शिक्षिका मात्र जागच्या हलल्या नाहीत. "काहीही नाही. सुई शिरेत जाते आणि बाहेर येते. एकमेकींच्या हातावर शिकतायत. तुम्ही आधी बाहेर व्हा."

बारकी त्याच्या मागोमाग आली. बाकड्यावर बसली, पण त्याच्यापासून लांब.

"एक बाई आल्या होत्या अपघातातल्या," ती म्हणाली. "रक्त इतकं गेलेलं की शीर सापडेना. मी दोनदा टोचलं आणि मग हातच चालेना. सिनियरनं मला बाजूला ढकललं, म्हणून त्या वाचल्या. मग सांगितलं, हात बसेपर्यंत वॉर्डात राहा."

"मग घरी का नाही बोललीस?"

"अक्का म्हणाली असती, झालं शिकून? इमर्जन्सीतल्या गोष्टी ऐकल्या की तुम्ही दोघं गप्प बसता, म्हणून तिथल्या मैत्रिणींच्या माझ्या म्हणून सांगत होते. पिशवी तुम्हीच उचकलीत ना, बाबा?"

त्यानं मान खाली घातली. मग बाही वर करून हात पुढे केला. "माझ्या शिरा बघ, दोरखंडासारख्या आहेत. ह्यांच्यावर शिक."

"बाहेरच्यांना टोचायची परवानगी नाही. आणि सोप्या शिरांवर शिकून काय करू?"

ती उठून आत गेली. पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पिशवी मात्र ती आता खोलीत, दार लावून ठेवायची.

काही महिन्यांनी तिला इमर्जन्सीत परत घेतलं. एका संध्याकाळी जेवताना ती आपणहून म्हणाली, "आज एका आजीबाईंची शीर पहिल्याच वेळेला सापडली."

"म्हणजे संपलं शिक्षण?" अक्कानं विचारलं.

"नाही. अजून सिनियर असतेच बाजूला."

बापाच्या जिभेवर 'खरंच?' आलं होतं. त्यानं ते घासाबरोबर गिळलं आणि विचारलं, "कशी सापडली?"

बारकीनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग सांगायला लागली.