तळाच्या बारीक अक्षरांची कैफियत

मित्रांनो, मी 'नियम व अटी' नावाचा एक जुना मजकूर आहे. एका ब्लॉगच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत राहतो. तुम्ही मला कधीच वाचलेलं नाही, उगाच माना डोलवू नका.

ब्लॉग ताईंचा. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान आहे. कुठला डाग कशाने निघतो, ते त्या फावल्या वेळात लिहितात. मला जन्माला घातलं त्यांच्या वकील भावाने, जेवता जेवता. कुठल्याशा पोहण्याच्या तलावाचे नियम उचलले, दोनचार शब्द फिरवले, झालं! 'पोहता न येणाऱ्यांनी खोल पाण्यात उतरू नये' हे वाक्य तसंच राहिलं. ताईंनी सांगितलेलं एकच कामाचं वाक्य त्याने सगळ्यांत शेवटी कोंबलं: उपाय आधी कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर करून पाहावा. ताईंनीही मला न वाचताच लावून टाकलं. वर्षानुवर्षं मी ओरडतोय, पण ऐकतो कोण?

मग एका बाईंनी ताईंचा उपाय थेट शालीच्या मधोमध केला. शाल त्यांच्या नुकत्याच गेलेल्या आईची. रंग उडाला. 'तुमच्यावर विश्वास ठेवला, हेच चुकलं,' असं त्यांनी लिहिलं. ताईंनी इस्त्री बंद केली.

"बंदच करते हे लिहिणं."

"वेडी आहेस का?" भाऊ म्हणाला. "अटी कशाला लावल्यात? त्यांच्याकडे बोट दाखव आणि मोकळी हो."

तेव्हा कुठे ताईंनी चष्मा लावून मला वाचलं. तलावापाशी अडखळल्या.

"अरे, इथे पोहतंय कोण? मीच हे वाचलं नाही, मग त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईंनी बाईंना कळवलं, 'चूक माझी. शाल घेऊन या, जमेल तेवढं करते.' मग कोपऱ्याचं ते वाक्य माझ्यातून काढून प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला ठळक बसवलं.

शाल त्यांनी पुन्हा रंगवली, आधी आतला कोपरा. अगदी पहिल्यासारखी झाली नाही. तरी बाई ती पांघरूनच दुकानातून बाहेर पडल्या.

माझं एकुलतं एक कामाचं वाक्य गेलं, पण आता ते वाचलं तरी जातं. तेव्हा मित्रांनो, ज्याने कुणाचं नुकसान टळेल, ते माझ्यासारख्याच्या पोटात पुरू नका.

तलावाचं वाक्य मात्र ताईंनी मुद्दाम ठेवलंय, कोणी विचारतं का ते बघायला. अजून कोणी विचारलेलं नाही.