पाणसळीतला बुडबुडा

आमचे हे सुतार. डावा डोळा मिटायचा, उजवा फळीच्या कडेला लावायचा आणि कड सरळ आहे की नाही ते सांगायचं, ही यांची रीत. त्याच उजव्या डोळ्यात खालच्या कोपऱ्यातून सावली चढायला लागली, तर म्हणतात कसे, "आधी जिना बसवून येतो." मी हातातला रंधा काढून घेतला आणि यांना डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं.

"आतला पडदा वरच्या बाजूला फाटलाय आणि सुटत चाललाय," बाई म्हणाल्या. "ज्याने आपण बारीक बघतो तो मधला भाग अजून चिकटून आहे. तो सुटला तर पडदा बसवता येईल, पण सरळ रेष सरळच दिसेल याची हमी नाही. आजच करायला हवं."

"आज म्हणजे आजच?"

"आजच," बाईंच्या आधी मीच सांगितलं.

बाईंनी डोळ्यातला चिकट द्रव काढून पडदा जागेवर बसवला, फाटीभोवती लेसर मारला आणि आत गॅस भरला. जोड सुकेपर्यंत शिकंजा आवळून ठेवावा, तसा गॅसचा बुडबुडा पडदा दाबून धरतो. हे यांना चटकन पटलं. मान खाली ठेवायची आणि उताणं अजिबात झोपायचं नाही, हे मात्र जिवावर आलं. मी स्वतः करवत चालवून एका फळीला तोंडापुरतं भोक पाडलं, तर पालथं पडल्यापडल्या म्हणाले, "कड खरबरीत राहिलीय."

काही दिवसांनी दुपारी खोलीत गेले, तर हे खुशाल उताणे.

"अहो, हे काय चाललंय?"

"मघाशी उठून बसलो तेव्हा बुडबुडा खाली बसलेला. मला स्वच्छ दिसला. फाट तर वर आहे. त्याला वर आणतोय."

आयुष्य पाणसळीच्या काचनळीतला बुडबुडा बघून सपाटी ठरवण्यात गेलेलं, बुडबुड्याच्या बाबतीत हे कोणाचं ऐकणार? मी यांना धरून पालथं केलं आणि बाईंना स्पीकरवर फोन लावला.

"डोळ्यात चित्र उलटं पडतं," बाई म्हणाल्या. "खाली दिसतोय म्हणजे तो वर, बरोबर जागी आहे. उताणे झोपलात तर फाटीवरून सुटून भिंगावर जाऊन बसेल."

यांनी तोंड फळीच्या भोकात घातलं. त्यानंतर मी खोलीतच खुर्ची टाकून बसले.

गॅस विरला. पडदा घट्ट बसलाय, असं बाईंनी तपासून सांगितलं. तरी ती उताणी दुपार माझ्या डोक्यातून जात नव्हती. घरी येताच हे तडक कारखान्यात शिरले. टेबलावरची फळी उचलली, डावा डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले.

"मधे फुगलेली दिसतेय."

बाईंचं ते 'हमी नाही' मला आठवलं.

यांनी फळी शिकंज्यात धरली, मधोमध रंधा फिरवला, पुन्हा डोळा लावला. "आता पट्टी लाव."

मी पोलादी पट्टी कडेवर उभी ठेवली आणि खिडकीकडे धरून पाहिलं. पट्टीखालून उजेडाची चीरही येत नव्हती.

"हिला आधी रंधा कोणी मारला होता?"

"मी. तुम्ही पालथे होतात तेव्हा."

"तरीच."

मी तिथेच भुशात बसून रडले. माझ्या कामाला यांनी नावं ठेवलेली मला पहिल्यांदाच गोड लागली.