डबल बेल

रूपालीनं दोरीचं टोक छताच्या लोखंडी कडीतून ओवलं, दोनदा खेचून पाहिलं आणि खाली उतरून स्टूल पायानं बाजूला सारलं. दोरी आप्पांच्या डोक्यापेक्षा टीचभर उंच लोंबत होती. तिचं दुसरं टोक एका पत्र्याच्या डबीत शिरत होतं, आणि डबीतून निघालेली वायर लॅपटॉपला जोडलेली होती.

"आप्पा, धरा."

उखाआप्पांनी आधी दोरीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"हाई ते दवाखानानी दोरी शे."

"तीच शे. घरमा नुसती लटकी ऱ्हायनी व्हती. आते काम करी."

सात महिन्यांपूर्वी लकव्यानं आप्पांची उजवी बाजू गेली, चिंचपाड्याच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले, आणि निघताना तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या स्वप्नालीताईंनी ही दोरी हातात ठेवली होती. दाराच्या चौकटीला बांधा, रोज शंभर वेळा खेचा, खांदा मोकळा होईल. आप्पांनी ती शहाण्यासारखी बांधू दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर टॉवेल वाळत घातला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेला, भरल्या गाडीत दारापासून मागच्या बाकापर्यंत वाट काढणारा माणूस ओट्यावर बसला तो बसलाच.

हे गोदाम हेमकांतभाऊंच्या जिनिंगचं. कापूस विकून झाल्यामुळे रिकामं. शटर खाली ओढलं की भरदुपारी आत काळोख होई, आणि हवेत अजून रुईची धूळ होती, त्यामुळे लेसरचा किरण धुराच्या यंत्राशिवायही लख्ख दिसे. जिनिंगशिवाय हेमकांतभाऊंचा शहाद्यात साउंडचाही धंदा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं लग्नांत रोषणाई करणारा लेसर घेतला, तो चालवायला सुरतेहून आलेला माणूस एक हंगाम करून निघून गेला, आणि त्यांच्याकडे अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या रूपालीनं ते यंत्र आपणहून शिकून घेतलं.

लेसर चालवायचा बटणांचा पाटा मागच्या वरातीत कुणाच्या तरी बुटाखाली गेला होता. नवा येईपर्यंत थांबण्याचा रूपालीचा स्वभाव नव्हता. भंगारातल्या संगणकाची आकड्यांची पट्टी तिनं आकृत्या बदलायला लावली, मोडक्या व्हिडिओ गेमचा रिमोट किरण डावी-उजवीकडे फिरवायला, आणि उजेड कमीजास्त करायला आईच्या शिलाई मशीनचं मोटरचं पायडल. संगीताची यंत्रं एकमेकांशी मिडी नावाच्या भाषेत बोलतात. या सगळ्या भंगाराला तिनं ती भाषा शिकवली होती. पायडल दाबलं तरी लॅपटॉपला वाटे कुणी पेटी वाजवतंय, आणि त्या सुराला नेमून दिलेला उजेड पडे. तेव्हापासून आई, म्हणजे सरलाबाई, हातानं चाक फिरवून ब्लाउज शिवत होत्या आणि लेकीच्या डिप्लोम्याचा उद्धार करत होत्या.

हेमकांतभाऊंची अट एकच होती. चालवणाऱ्याचे डोळे लॅपटॉपवर असतात, तेव्हा गर्दीवर नजर ठेवायला मागे दुसरं माणूस हवं. किरण लोकांच्या डोक्यावरून जातात. कुणी उंच चढलं आणि किरण डोळ्यांत गेला तर डोळा जातो. त्या माणसानं तेवढ्यात उजेड बंद केला पाहिजे.

रूपालीनं आप्पांचं नाव सांगितलं होतं. परवा चाचणी झाली. उभं राहायचं तर डावा हात काठीला, उरला उजवा, आणि उजव्याची मूठ उघडत नव्हती. उजेड बंद करायचं बटण तीनदा हुकलं. हेमकांतभाऊ वाईट माणूस नाही, पण धंद्याचा माणूस. ते म्हणाले, आणखी एक डाव देखू, नाहीतर शुक्रवारच्या कळसाडीच्या कार्यक्रमाला धुळ्याची जोडी बोलावतो. धुळ्याची जोडी एकदा आली की हंगामभर तीच राहणार, हे रूपालीला कळत होतं. आप्पांना तिच्याही आधी कळलं होतं.

"दुसरा कोनी देख, बेटा," घरी येताना ते म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी सरलाबाई पाण्याची कळशी घेऊन पायरी चढत होत्या आणि आप्पा दारात उभे होते. त्यांची उजवी मूठ वर गेली, टॉवेलाखालच्या दोरीला अडकली आणि थांबली. सरलाबाई आत आल्या, कळशी टेकली. मग मुठीनं दोरीला दोन हिसके दिले. आप्पांना पत्ताही नव्हता. रूपालीनं मात्र हातातला चहा तसाच ठेवला आणि टॉवेल काढून घेतला.

आता आप्पांनी मूठ दोरीत अडकवली.

"एक डाव खेचं की बंद," रूपाली म्हणाली. "दोन डाव खेचं की चालू."

"हाई माले शिकाडस का तू?"

त्यांच्या आवाजात सात महिन्यांनी चेष्टा ऐकू आली, आणि तिला खूप बरं वाटलं.

शटर खाली आलं. हेमकांतभाऊ कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. रूपालीनं पायडल दाबलं, धुळीतून हिरवा पडदा उलगडला. ती आप्पांकडे पाठ करून बसली होती. मधेच हेमकांतभाऊंनी न सांगता शिडीवर पाऊल ठेवलं, आणि दुसऱ्या पायरीवर पोचायच्या आत काळोख झाला. ते उतरले. डबीत कट्कट् वाजलं, पडदा परत आला.

असं त्यांनी पाच वेळा केलं. पाचही वेळा काळोख वेळेवर आला.

"आप्पा, डेपोवाला परत बलावतीन तुमले," हेमकांतभाऊ म्हणाले. मग रूपालीजवळ येऊन हळू आवाजात, "आठे कोनी नही, म्हनीसन जमनं. तठे हजार मानसं ऱ्हातीन. शुक्रवारले देखू."

शुक्रवारी कळसाडीत, नवरी कामिनीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, संगीताचा कार्यक्रम होता. गावाबाहेर मोकळ्या वावरात मांडव, पुढे स्टेज, आणि कडेला उसाची भरलेली ट्रॉली, जी दुपारीच हलवू म्हणत कुणी हलवली नव्हती. रूपालीच्या मागच्या खांबावरून दोरी सोडली होती, आणि तिच्याखाली उभ्या आप्पांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. सरलाबाईंनी त्याचं तुटलेलं बटण सकाळी लावून दिलं होतं, हातानंच.

दिवेलागणीनंतर मांडवातले दिवे मालवून लेसर सुरू झाला. पहिल्या दोन गाण्यांत दोरीचं काम पडलं नाही. तिसऱ्या गाण्याला कामिनी स्टेजवर नाचायला आली. रूपालीनं पायडल पूर्ण दाबलं, किरण मांडवभर पसरले, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. आपल्या हातून इतकं चांगलं आजवर काही झालं नव्हतं, असं तिच्या मनात येतंय तोच डबीत कट् वाजलं.

एकदाच.

सगळं विझलं. गाणं आणखी दोन ओळी चाललं आणि तेही कुणीतरी बंद केलं. शिट्ट्या सुरू झाल्या. स्टेजवर कामिनी हात वर धरून तशीच उभी राहिली.

हेमकांतभाऊ खुर्च्या ढकलत आले. "काय व्हयनं?"

"सिंगल बेल व्हयनी."

"हात सुटना व्हई बुढाना. तू चालू कर."

चालू करणं सोपं होतं. आकड्यांच्या पट्टीवरचं शून्य दाबलं की दोरीला विचारायचीही गरज नव्हती. तिचं बोट शून्यावर होतं. हात खरंच सुटला असेल तर? मूठ दमली असेल, तोल गेला असेल. एवढी गर्दी, एवढी शोभा, आणि उद्यापासून धुळ्याची जोडी.

तिला आप्पांच्या निरोपाची सभा आठवली. डेपोतले सगळे लांबलचक बोलले. त्यांचे ड्रायव्हर करणसिंग मात्र माइकसमोर येऊन एवढंच म्हणाले, "एकोणीस वर्षं डबल बेल ऐकली की मी गिअर टाकला. मागे वळून कधी पाहिलं नाही." आणि खाली बसले. ती स्वतः डिप्लोम्याला नंदुरबारला जाणार म्हटल्यावर अख्खी भावकी आडवी आली होती. त्यांना काय उत्तरं द्यावी लागली, हे तिला कधी कळलंच नाही, कारण ती आप्पांनी दिली होती. तिनं फक्त पुढे पाहिलं होतं. इतकी वर्षं मागे कोण उभं होतं हे तिला त्या काळोखात एकदम कळलं.

तिनं शून्यावरचं बोट काढून मांडीवर ठेवलं.

"डबल बेल नही व्हयनी आजून, भाऊ."

हेमकांतभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले आणि स्वतःच मागे गेले. शिट्ट्या वाढल्या. त्या गोंधळातून तिला काठीची टकटक ऐकू आली आणि मग आप्पांचा आवाज, भरल्या एसटीतला, खणखणीत.

"चला मायबाई, खाले उतरा. तुमना स्टॉप उना!"

"मन्ही नात दिसत नही खालथीन," एक म्हातारा आवाज भांडत होता.

"पुढली सीट देसू तुमले. उतरा."

लोक हसायला लागले. शिट्ट्या थांबल्या. बऱ्याच वेळानं काठीची टकटक परत जवळ आली, दोरी करकरली.

कट्कट्.

रूपालीनं वळून पाहिलं नाही. पायडल दाबलं, किरण पसरले, गाणं जिथं तुटलं होतं तिथून सुरू झालं आणि कामिनीनं वर धरलेले हात खाली आणले.

हेमकांतभाऊ परत येऊन तिच्या बाजूला उभे राहिले. कपाळ पुसलं.

"दगूबाई. नवरीनी आजी. उसनी ट्रॉलीवर चढेल व्हती." त्यांनी हाताचा पंजा स्वतःच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर धरला. "किरण इतला व्हता."

कार्यक्रम संपल्यावर दगूबाई पहिल्या रांगेतून उठून आप्पांकडे आल्या. त्यांनी लाडूंची पुडी आप्पांच्या खिशात कोंबली आणि उजव्या मुठीवर हात ठेवून परत गेल्या.

हेमकांतभाऊंच्या हाताखालच्या पोरांनी सामान टेम्पोत चढवलं. रूपाली केबिनमध्ये मधे बसली, आप्पा दाराकडे.

"दोरी लिधी का?" त्यांनी विचारलं.

"लिधी."

"सकाळले चौकटले बांधी दे. शंभर डाव खेचनी शे ना. आनि त्या दवाखानानी ताईले फोन लाव, माले बोलनं शे."

"लावसू, आप्पा."

हेमकांतभाऊंनी चावी फिरवली. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. पोरं चढली होती, फाळका लागला होता. मग त्यांनी उजवा हात अंगावरून वळवून बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर मूठ दोनदा आपटली.

हेमकांतभाऊंनी आरशात पाहिलं नाही. त्यांनी गिअर टाकला.